मुकादम अचानक किंचाळले

...नाही, तुम्हीच सांगा, आरशांच्या कारखान्यात बावीस वर्षं मुकादमकी केलेल्या माणसाबद्दल, दाराजवळच्या फळ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, 'मुकादम अचानक किंचाळले' म्हणून कागद लावतात का हो? मी ओरडलो. किंचाळलो नाही, ओरडलो!

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे मोठा आरसा उचलला की चौघं चार कोपऱ्यांना आणि सगळे चिडीचूप, बोलायचा हक्क एकट्या मुकादमाचा, त्याचा आवाज आला की आरसा असेल तिथे खाली ठेवायचा, का-बिका विचारायचं नाही. हा नियम माझाच. आता आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, बाबा, मिशी काढा, दहा वर्षांनी लहान दिसाल. काढली. बुद्धी फिरली माझी, दुसरं काय! सकाळी मी पाठमोरा उभा, मागून चौघांनी आरसा आणला, मी वळलो, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर कुणी अनोळखी, बोडक्या ओठांचा म्हातारा माझ्याकडे डोळे वटारून बघतोय... तुम्ही काय केलं असतं? नमस्कार केला असता? निघाला तोंडातून आवाज. आणि चौघांनी नियमाप्रमाणे आरसा ठेवला, बरोब्बर पायरीवर, अर्धा वर, अर्धा खाली. ठिकऱ्या!

फुटला त्याचं दुःख आहेच, पण कारकूनबाईंनी अहवालात लिहिलं काय, तर किंचाळले. मी म्हटलं, बाई, खोडा ते. किंचाळतं तान्हं पोर, किंचाळतो दारात बोट चेंगरलेला माणूस, मुकादम ओरडतो. तर बाईंनी कपाटातून शब्दकोशच काढला आणि वर्गात धडा वाचावा तशा सुरात, 'भीतीने... एकाएकी... कर्कश आवाजात...' अहो, भीती कुणाला? दचकलो फक्त. आणि कर्कश हे ठरवलं कुणी? मग साक्षीला बोलावलं लांब्याला, आरशाचा पुढचा कोपरा त्याच्याकडे असतो. हा घरभेदी सगळ्यांदेखत सांगतो की मला वाटलं कुठेतरी शिट्टी वाजली! मी विचारलं, मग आरसा ठेवलास कशाला? तर म्हणे, मुकादमांचं तोंड उघडं दिसलं म्हणून. बाईंनी तेही लिहून घेतलं.

तडक मालकांकडे गेलो. म्हटलं, साहेब, जग इकडचं तिकडे होवो, मी ओरडलो, किंचाळलो नाही. मालक म्हणजे थंड माणूस, रागावले तरी आवाज चढत नाही. म्हणाले, "ओरडलात म्हणजे हुकूम दिलात. आरसा पायरीवर ठेवायचा हुकूम देणारा मुकादम मला नको. किंचाळला असाल, तर तो अपघात, त्यात दोष कुणाचाच नाही. बोला, काय ठेवू?"

घ्या! आता काय बोलता? अब्रू वाचवावी तर मुकादमकी जाते, आणि मुकादमकी गेली की उद्या लांब्या मुकादम आणि मी त्याच्या हाताखाली कोपरा धरून उभा. आगीतून फुफाट्यात! बावीस वर्षं डोळ्यांसमोरून गेली हो, खोटं कशाला सांगू. म्हटलं, किंचाळलो. पण इतकं हळू, की मालक म्हणतात, जरा मोठ्याने सांगा, बाईंना ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगितलं. खाली सहीसुद्धा केली, आणि तोच कागद बाईंनी फळ्यावर लावला.

वाटलं, संपलं. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी नवा आरसा चौघांच्या हातात, जागा मोकळी, खाली सपाट, मी छाती भरून ओरडलो, "ठेवा!" कुणी ठेवेना. चौघांचे हात थरथरतायत, कपाळावर घाम, आरसा तसाच अधांतरी. आणि लांब्या अगदी अदबीने विचारतो, "मुकादम, हे ओरडलात की किंचाळलात?"

फळ्यावर सही माझीच. तेव्हापासून आरसा उचलला की आधी शांतपणे सांगतो, गड्यांनो, आता मी ओरडणार आहे हं... आणि मग ओरडतो.