किनाऱ्यावरची हजेरी

आईशपथ, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, त्या दिवशी मी रजेवर होतो, पण आमच्या शिपायाने पाहिलंय.

ऐंशीच्या सुमारास दांडीकडच्या आमच्या हायस्कुलात तपासणीला साहेब आले. दहावीच्या वर्गात चारच पोरं!

"चार पोरांसाठी वर्ग? बंद करतो!"

"पोरं आहेत साहेब, दाखवते," म्हणत मुख्याध्यापिकाबाई हजेरीपट काखेत मारून त्यांना थेट किनाऱ्यावर घेऊन गेल्या. होड्या नुकत्याच लागलेल्या, अख्खी दहावी बोंबील वाळत घालत होती. बाईंनी तिथेच नावं पुकारली.

"हजर, बाई!"

"मी पन हाय, बाई!"

तेवढ्यात एक कोळीण ओरडली, "सायेब, नुस्ते उबे काय? चार बोंबील तरी टांगा!"

साहेबांनी टांगले. वर्ग वाचला.

आता खरं सांगतो. बोंबील साहेबांनी टांगलेच होते. वर्ग वाचला, एवढंच मी रचलंय.