डोंगा हलवणारं भाषण

वैनगंगेच्या घाटावर डोंगा अडला होता. पोरीच्या हातातल्या भाषणाच्या कागदावरून मास्तर तिच्यावर खेकसत होते आणि गावातली सुगंधाबाई डोंग्यात मागं बसून मजेत ऐकत होती.

"बुधरे, 'आपल्या चरणी विनंती' हे खोडून टाक पहिले. आपण भीक मागाले नाई चाललो."

"मंग काय बोलू, गुरुजी?"

"गावाले पाचवीचा वर्ग काऊन पायजे, थे साहेबाले बोल. आधी या इसरू नावाड्याले पटव. बारा माणसं भरल्याबिगर डोंगा नाई सोडत थो, अन् आपण पाचच हाओ. पल्याड आलेले शाळा तपासणारे साहेब दुपारी चांद्याले निघून जातीन."

"इसरूभाऊ, शिक्षण हा राष्ट्राचा पाया..."

"बारा!" इसरू म्हणाला.

"पाह्य, झोपला तुया पाया! त्याच्या घरचं बोल."

"भाऊ, तुमची सुकरी चौथी पास झाली. आता काय करते?"

"पाटलाच्या गायी राखते."

"मीबी राखतो. भुलू नये म्हून आमी दोघी गायीले पाढे म्हणून दाखवतो. आता गायी जातीन पाचवीत, भाऊ, अन् आमी राहू चौथीतच!"

डोंगा हसला. इसरूनं बांबू पाण्यात रोवला.

तेवढ्यात काठावरून पाटील ओरडत आले, "थांब बे! मले नेऊन राह्यला का नाई?"

सुगंधाबाईच उभी राहून ओरडली, "वापस जा पाटील, गायी कोण राखन?"