वाघोबाचा दिवा

माजिवड्याच्या स्टॉपवर बस काही येत नव्हती, म्हणून अक्षदाचे कान आपसूक रांगेतल्या पुढच्या सासू-सुनेकडे लागले.

"आई, फॉरेस्टवाल्यांच्या कॅमेऱ्यातला फोटो आलाय. तुम्ही जंगलात वाघोबा देवापुढे दिवा लावताय आणि मागे बघा, बिबट्या!"

"मग? त्याच्याच घरी गेलेली ना मी."

"आतातरी जाणं बंद करा. साहेब कधीपासून सांगतायत."

"साहेबांनी सांगितलं म्हणून ही सगुणा दिवा बंद नाय करायची. त्याच्या तोंडात काय हाय गं?"

"पिल्लू. मादी आहे ती."

"अगं बाई! मग उद्यापासून नाय जायची मी."

"घाबरलात ना शेवटी?"

"घाबरते कसली! देवाच्या घरात बाळंतपण झालंय. सोयर फिटल्याशिवाय दिवा कसा लावायचा?"