भाववाढीचं कारण, एका शब्दात

…नाही, पण मी म्हणतो, फळ्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं? खडू घ्या, लिहा, पुसा, संपलं. पण नाही! प्राचार्यांना कुठल्याशा शिबिरात कुणीतरी सांगितलं की आता शिकवणं डिजिटल झालं पाहिजे, आणि परत आले ते एकच वाक्य घेऊन, "मॅडम, अवघड काही नाही. बटण दाबलं की झालं." आता हे ऐकून घेणारी कोण, तर आमच्या शेजारच्या खोलीतली दर्शना. तुम्हाला सांगतो, अर्थशास्त्र शिकवावं तर तिनेच, पण परळच्या त्या कॉलेजात इतकी वर्षं तासावर राबतेय बिचारी. कायम करतो, कायम करतो म्हणतात, आणि मे महिना आला की नमस्कार! या खेपेला जागा निघाली खरी, पण अट काय? समिती वर्गात बसणार, नव्या तंत्राने घेतलेला तास बघणार आणि मग ठरवणार. एकच तास.

तंत्र काय, तर पडद्यावर प्रश्न, पोरं आपापल्या मोबाइलवर एका शब्दात उत्तर लिहिणार, आणि जो शब्द जास्त जण लिहितील तो पडद्यावर फुगत जाणार. प्रश्न तिने घेतला, 'भाववाढीचं मुख्य कारण कोणतं?' आदल्या संध्याकाळी, चालतंय का बघू म्हणून तिने लिंक पाठवली कुणाच्या फोनवर? सासूच्या! शेवंतीबाईंनी विचारलं, गो, ह्या काय? दर्शना डोकं धरून बसलेली. म्हणाली, उद्या अकराच्या तासाला यावर लिहायचंय सगळ्यांनी, जितके जास्त लिहितील तितकं बरं, माझी नोकरीच त्यावर आहे.

झालं! नायगावच्या चाळीत हे असं कुणी बोलतं का हो? अहो, गेल्या वर्षी आमचा मयूर नाचाच्या स्पर्धेत टीव्हीवर होता, तर अख्खी चाळ जेवण सोडून फोनवर त्याचं नाव लिहून पाठवत होती… अंगठे सुजले लोकांचे. आमच्याकडे एकाची परीक्षा म्हणजे सगळ्यांची परीक्षा. शेवंतीबाईंनी सकाळी देवपूजा आटोपली, चाळीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली स्वतःच्या आवाजात निरोप सोडला, "आपल्या दर्शनाच्या नोकरेचो प्रश्न आसा. अकराक लिंक दाबा आणि तिचा नाव लिवा. जास्त काय करूचा नाय. बटण दाबला की झाला."

इकडे वर्गात, मागच्या बाकावर समितीचे तिघं. मधोमध अध्यक्ष, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बघणं असं की पोरांनी खोकणंसुद्धा थांबवलेलं. प्राचार्य दारात उभे राहून हातानेच खुणावतायत, दाबा, दाबा. दाबलं तिने बटण. पडद्यावर ते गोल फिरतंय… फिरतंय… नेट गेलं की काय… आणि आलं! 'मागणी'. मग 'पेट्रोल'. मग 'साठेबाजी'. अध्यक्षांनी मान हलवली, तिच्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात कोपऱ्यात एक बारीकसा शब्द उगवला. 'दर्शना'.

तिला वाटलं, असेल कुणा पोराचा चावटपणा. पण तो शब्द वाढायला लागला हो! पेट्रोल बाजूला ढकललं गेलं, साठेबाजी दिसेनाशी झाली, आणि दर्शना आपली फुगतेय, फुगतेय… भाववाढीचं मुख्य कारण कोणतं? दर्शना! पहिल्या बाकावरची आकांक्षा ओढणी तोंडात कोंबून बसलेली. मग शेजारी 'वहिनी' उगवलं, आणि दर्शनाच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळ! थांबवावं म्हटलं, तर चालू करायचं बटण दाखवलं होतं हो, बंद करायचं कुणी दाखवलंच नव्हतं. संपलं आपलं, इतक्या वर्षांचं सगळं आज पाण्यात, असं वाटून डोळे भरून आले तिचे.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, वर्गात मुलं आहेत त्याच्या तिप्पट उत्तरं आलीत. ही दर्शना कोण?"

प्राचार्य दारातून दिसेनासे झालेले. थाप मारायची तरी काय मारणार?

"मीच, सर," ती म्हणाली. "आणि लिहितेय ती माझी चाळ. त्यांना वाटलं, मला मतं द्यायचीयत."

मग तिने पडद्याकडे पाठ केली, टेबलाच्या खणातून खडू काढला आणि फळ्याशी गेली. "पण सर, भाववाढ अशीच होते. दर्शना एकच, आणि मागणी अख्ख्या चाळीची."

मागून पहिल्यांदा कोण हसलं असेल? अध्यक्ष! आणि मग तिने उरलेला तास फळ्यावर असा घेतला म्हणून सांगू, की टोल झाला तरी पोरं उठेनात.

अहवालात काय आलं? तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर, सहभाग अभूतपूर्व! घ्या! प्राचार्य इतके खूश, की आता सगळ्या प्राध्यापकांना हे तंत्र शिकवायचं काम दर्शनाच्याच गळ्यात. शेवंतीबाईंनी चाळभर पेढे वाटले, सून जिंकली म्हणून. आणि नोकरी? समितीने शिफारस केलीय, फाइल सहीला वर गेलीय. गेलीय म्हणजे… गेलीय. दर्शना अजून तासावरच.

परवा जिन्यात शेवंतीबाई भेटल्या, हातात फोन धरूनच. विचारतात, "आता खयचा बटण दाबूचा?" काय सांगणार त्या माउलीला? तुम्ही दाबलंत, मी दाबलं, अख्ख्या चाळीने दाबलं… आता वर बसलेल्या त्या एका माणसाने दाबलं की झालं.