बाळाच्या कपड्यांची पेटी

— नाही गं, पाणी नको. चक्कर-बिक्कर काही आलेली नाही मला. बाकीच्या बायका गेल्या ना सगळ्या? मग दार जरा लोटून घे, सिस्टर. लेक माझी औषधाच्या रांगेत उभी आहे, रांग बाहेरच्या आंब्यापर्यंत गेलीय, येईल सावकाश. तुला एकेरीत बोलते हं, माझ्या उझोच्याच वयाची दिसतेस. एवढंच विचारायचंय — आत्ता तू बायकांना ते डांबरगोळ्यांचं सांगितलंस ना, ते पुन्हा सांग. मी याला भरवत होते, त्यामुळे अर्धं ऐकलं, अर्धं निसटलं. म्हणजे — ऐकलं सगळं. तरी सांग.

हं. हं. म्हणजे काही बाळांचं रक्तच असं असतं की त्याला तो वास सोसत नाही. रक्त फुटतं, बाळ पिवळं पडतं, आणि वेळेत दवाखान्यात नेलं नाही तर तो पिवळेपणा डोक्यात चढतो. आणि मग हे. हे म्हणजे आमचा कोसिसो. सहा वर्षांचा आहे, बघ, आणि मांडीवर. हात असे पिळवटतात, पाय एकात एक अडकतात, पेज भरवायला दीड तास लागतो आणि त्यातली अर्धी माझ्या अंगावर. थांब हं — मान अशी मागून धरायची असते, तूच शिकवलंस ना गेल्या खेपेला — हां, गिळलं. याला कळतं सगळं. ऐकू कमी येतं, पण माझ्या तोंडाकडे बघतो आणि मी खोटं बोलले की हसतो. बघ, हसतोय मेला.

नाही, रडत नाहीये मी. तुला ठाऊक आहे, लेक बाळंत झाली की तिच्या आईनं ओमुग्वोला, तिचं बाळंतपण काढायला, जायचं असतं — तुझ्याकडेही आली असेल तुझी आई. अजून व्हायचंय? होईल हो. मी तीन महिन्यांसाठी म्हणून गेले होते, सहा वर्षं झाली, अजून परतले नाही. तर तिचा सातवा महिना लागल्यावर मी माझी पत्र्याची पेटी काढली. माझ्या पोरांचे कपडे त्यात — टोपरी, लोकरीचे मोजे, चर्चमध्ये बाळाला पहिल्यांदा न्यायचा पांढरा झगा. तीस वर्षं जपले होते. कसे जपले, विचार? दर पावसाळा संपला की जुन्या गोळ्या काढायच्या, नव्या टाकायच्या. मूठभर. मूठभर कसल्या, दोन मुठी. एक कसर लागली नाही. पेटी डोक्यावर घेऊन लेकीकडे यायला ओनित्शाच्या बसमध्ये चढले तर शेजारची बाई म्हणाली, ओमुग्वोला निघालात वाटतं, वास येतोय. तो वास म्हणजे मूल चांगल्या घरातलं. आमच्याकडे असंच मानतात. तुमच्याकडेही मानत असतील. कोणाला ठाऊक होतं? मला ठाऊक होतं का? नव्हतं.

पहिल्या दिवशी मीच न्हाऊ घातलं, मीच टोपरं बांधलं. काय दिसत होता. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी डोळे पिवळे. मी म्हटलं, होतं असं, सकाळच्या उन्हात धरू. ऊन दाखवलं. साखरेचं पाणी पाजलं, कच्ची पपई उकळून तिचं पाणी पाजलं. आणि उन्हातून आणलं की पुन्हा त्याच कपड्यात गुंडाळायचं, घाम पुसायचा, बदलायचं — त्याच पेटीतलं दुसरं. हसू नकोस. नाही हसलीस, मला तसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी जावई, ओबिओरा, मोटारसायकल घेऊन दारात. म्हणाला, आई, बाळाला दवाखान्यात नेऊन आणतो, अर्ध्या तासात परत. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, माझी सहाच्या सहा पिवळी झाली होती आणि सहाच्या सहा बरी झाली, तू कालचा बाप मला शिकवतोस? ओली बाळंतीण वाऱ्यात नेतोस? उझो आत गाढ झोपली होती. त्यानं गाडी वळवली. मोठ्यांच्या पुढे बोलणारा नाही तो. पाचव्या दिवशी पोरानं दूध ओढणं सोडलं आणि धनुकलीसारखं मागे वाकलं, तेव्हा मीच धावत सुटले. पण तेव्हा धावून काय?

आणि सहाच्या सहा नाही. पाच. माझा दुसरा नवव्या दिवशी गेला. पिवळाच होता. कपडे — तेच. हे मी तुला का सांगतेय? नवऱ्याशीसुद्धा बोलले नाही मी त्याबद्दल कधी. लिहून बिहून घेऊ नकोस हं ते.

तू म्हणतेस, खात्रीनं सांगता येत नाही. दुसरी कारणंही असतात. रक्त तपासलं तर कळेल. मग तपास ना याचं. नको. नको तपासूस. कळून काय करू मी? हा चालायला लागणार आहे का? नाही ना. मग तू मला फक्त एक सांग, पुढच्या गुरुवारी उझो एकटीच येणार आहे याला घेऊन, तेव्हा ते गोळ्यांचं नाही सांगितलंस तर चालेल का? एक गुरुवार. बाकी सगळं सांग, मान कशी धरायची, पाय कसे ताणायचे. तेवढं सोडून दे. — हो, दिसतंय मला. आज बाकावर चार पोटुशा होत्या, मीही मोजल्या. त्यांना नको सांगूस असं कसं म्हणू मी? म्हणतेय खरी.

तुला कळत नाही गं. उझोला वाटतं, तिच्यामुळे झालं. आठव्या महिन्यात चर्चच्या पायरीवरून घसरली होती. एवढंसं, गुडघा खरचटला. सासू म्हणाली, हिनंच पोराला पाडलं, आणि ते तिच्या डोक्यात बसलं. सहा वर्षं ती पायऱ्या चढताना भिंतीला धरून चढते. मला विचारायची, आई, पायरीमुळेच ना? आणि मी — मी काय म्हणायचे? म्हणायचे, असेल बाई, देवाला ठाऊक. असेल म्हणायचे मी. मला गोळ्यांचं आज कळलं, पण मोटारसायकल तर ठाऊक होती ना. ओबिओरानं एका शब्दानं सांगितलं नाही तिला. मीही नाही.

आणि आता ती पुन्हा सात महिन्यांची आहे. परवा म्हणाली, आई, बाळ आलं की पेटी काढू या, कोसिसोचाच झगा घालू. पलंगाखालीच आहे पेटी. गोळ्या ती बदलते आता. माझ्याकडून शिकली.

तू सांगतेस तिला? तुझं ऐकेल. नाही — तू सांगितलंस तर ती माझ्याकडे बघेल. मी सांगते. मीच सांगायला हवं, हो ना? आजच सांगते, इथेच, तुझ्यासमोर. तू नुसती उभी राहा.

आलीस? बस, बाई, बस, पाय किती सुजलेत बघ. मिळालं औषध? बरं. उझो, ऐक. मला तुला एक सांगायचंय. तुझ्या त्या पेटीबद्दल. कोसिसोच्या कपड्यांची. ते कपडे ना — उंदरांनी खाल्ले. हो, सगळे. झगासुद्धा. सकाळी तू न्हायला गेलीस तेव्हा उघडून बघितली. हो, गोळ्या होत्या, तरी खाल्ले. काही उपयोग नाही गोळ्यांचा, आता आणूच नकोस घरात. तू हात लावू नकोस हं पेटीला, पोटुशी आहेस, मी जाळते सगळं घरी गेल्यावर. नवे घेऊ आपण. अगं, कपड्यांसाठी कोणी रडतं का? रडू नकोस. हा बघ कसा माझ्या तोंडाकडे बघून हसतोय.

तू जा, सिस्टर. जा ना. बाहेर कोणीतरी खोळंबलंय.