पिन मारलेली पानं

त्या दिवशी काय झालं, सांगते. सातवीला रहस्यकथा शिकवायची होती. शेवट कोणी आधीच वाचू नये म्हणून मी कथेची शेवटची पानं मुलांकडून पिन मारून बंद करून घेते. सकाळी डबा भरताना तीच कथा नवऱ्याला, श्रीकांतला, अर्धी सांगितली.

“मग दार कोणी उघडलं?”

“संध्याकाळी सांगेन.”

“अगं, मी काय सातवीत आहे?”

“सातवीतले गप्प बसतात.”

हसत तो कोलशेतला कामावर गेला. वर्गात मी शेवटाशी आले होते, तेवढ्यात फोन आला. श्रीकांत कामावरच कोसळला आणि गेला.

दिवसकार्य उरकून शाळेत गेले, तर पिना तशाच.

“बाई, कोणीच नाय काढली हां! सांगा ना, दार कोणी उघडलं?”

मुलांना शेवट वाचून दाखवला. श्रीकांतला सांगायचा राहिला.