एकमेकांच्या गोळ्या

—तर तपास की गोळ्या, नाही कोण म्हणतंय. महाराष्ट्र मंडळाने पाठवलंय म्हणजे काहीतरी तपासूनच जायला पाहिजे तुला, त्याशिवाय सही मिळायची नाही. मिळते ना सही? वाटलंच. आमच्या वेळी समाजसेवेला सही लागत नव्हती— समाजसेवाही कोणी करत नव्हतं म्हणा, जाऊ दे. पंखा लाव. बटण दाराशी आहे. अशोक, माझा मुलगा, तो म्हणाला असेल तुला फोनवर, बाबा जरा तिरसट आहेत, मनावर घेऊ नका. म्हणाला ना? हसतेस म्हणजे म्हणाला. तो गेला त्याच्या मंत्रालयात, सून लतिका नोएडाला ऑफिसात, नातू शाळेत. संध्याकाळपर्यंत या सरकारी क्वार्टरात मी एकटा. म्हणजे एकटाच म्हणायचं. ते पोहे? लतिका झाकून ठेवते. खाईन मी, माझी वेळ झाली की खाईन. तू तुझं सांग. तेजश्री नाव, हिंगोलीची, फार्मसीचं शेवटचं वर्ष— इथवर कळलं. पुढे काय?

अच्छा. सगळं ठरवलंयस तर. आजच मुलाखत, नोएडाला, आणि त्या आधी ही सही पाहिजे म्हणून सकाळी सकाळी माझ्याकडे. हुशार आहेस. काय काम असतं त्या कंपनीत? कुठल्या कुठल्या मुलखांतून कळवतात, अमक्याला तमक्या औषधाने त्रास झाला, आणि तू ते कॉम्प्युटरवर नीट लावून लिहायचं. माणूस समोर नाही? नावसुद्धा नाही? वय, बाई की बुवा, काय खाल्लं, काय झालं, बस्स? बिल्कुल चांगलं काम आहे. मी जन्मभर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसची गाडी चालवली. स्टेशन, विमानतळ, परत स्टेशन. मागच्या माणसाचं तोंड आरशात दिसायचं तेवढंच. माणसाचं तेवढंच बघावं. मग दोन-तीन वर्षांनी गुरुग्राम, मग परदेश— हो हो, कर. चौथी शिकलेल्याचा सल्ला कशाला घेतेस. पण मग दवाखान्यात का नको? पगार कमी, लोक अंगावर येतात, खिडकीत उभं राहून पाय सुजतात— हे झालं पाठ केलेलं, हे तिथे मुलाखतीत सांग. खरं सांग.

हं.

गोळ्या कशा घ्यायच्या ते तू नीट समजावलं होतंस ना त्या बाईला? मग झालं तर. बाईने घरी जाऊन उलटंच केलं त्याला तू काय करणार. परत आणली तेव्हा तू वॉर्डात होतीस? गेली? बरं, नको सांगूस. पाणी पी. म्हणून नोएडा, होय? जिथे माणूस येतच नाही अशी जागा. अगं, गेलेली माणसं येतात. दार-खिडकी नसलेल्या जागेतही येतात.

काही नाही, घाम आहे, ऑगस्टात दिल्लीत घाम यायचाच. तू गोळ्या बघ. तो डबा द्वारकाचा, माझ्या बायकोचा. माझ्या त्या खालच्या पिशवीत आहेत. बंदच आहेत, बरोबर आहे, फोडलेल्या नाहीत. कारण मला त्यातली कोणती कधीची ते ठाऊक नाही. आता असं तोंड करू नकोस, आमची रीतच तशी होती. तिच्या गोळ्या मी काढायच्या, माझ्या तिने. आपली आपण काढली की काल खाल्ली का आज तेच कळत नाही, दोनदा खाल्ली जाते नाहीतर राहून जाते— हे डॉक्टरचं नाही, द्वारकाचं डोकं. दुसऱ्याच्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. भांडण असलं तरी. भांडण असलं की बोलायची नाही, पण हात पुढे असायचा, आणि मी गिळली की मान वळवून आत. तर तिच्या मला सगळ्या पाठ, ही पांढरी नाश्त्याच्या आधी, ती पिवळी जेवल्यावर. माझ्या कोणत्या रंगाच्या ते मी कधी बघितलंच नाही. तळहातावर पडली की तोंडात.

गेली ती होळीच्या आसपास. अशोकने गोळ्या मोबाइलवर लावून ठेवल्या होत्या, महिन्याच्या महिन्याला माणूस दारात आणून देतो, दोघांच्या. तिच्या अजून येतात. बंद करायचं बटण अशोकला सापडत नसेल, नाहीतर दाबवत नसेल. मी विचारलं नाही, तोही बोलला नाही.

मग काय, अंघोळ झाली की मी तिच्या काढतो. हातच जातो तिकडे. काढल्या की वाटीत ठेवतो. आणि मग त्या वाटीचं काय करायचं? फेकायच्या? भाताचं शीत टाकलं नाही त्या बाईने कधी. मी खातो.

साखरेच्या आहेत, माहितीये मला. मला साखर नाही, तेही माहितीये. माझी रक्तदाबाची काहीतरी आहे. लतिकाला विचारू? म्हणजे उद्यापासून सून हातावर गोळी ठेवणार आणि समोर उभी राहणार. नको. मी पडल्याची गोष्ट तुला कोणी सांगितली? अशोकने? बाथरूमची फरशी गुळगुळीत आहे. आज खाल्ली का? खाल्ली की, मघाशी, तू घंटी वाजवलीस त्याच्या जरा आधी. थरथरतोय हात, दिसतंय मला. रोज थरथरतो. पोहे खाल्ले की थांबतो.

तेच तर. खाल्ले की थांबतं. म्हणून मी उशिरा खातो.

आता निघालंच तोंडातून तर ऐक. गोळी पोटात गेली की थोड्या वेळाने कानात हवा भरल्यासारखं होतं, घाम फुटतो, आणि त्या दारात ती येते. पदराला हात पुसत. बोलत नाही काही, ग्लास रिकामा झाला का तेवढं बघते. मी दम धरून बसतो. आणि मग सहनच होईनासं झालं की दोन घास खातो, आणि बघतो तर दार नुसतं. झालं. मग दिवसभर टीव्ही.

काय म्हणालीस? परत सांग, हळू सांग. साखर उतरली की डोक्याला मिळत नाही, आणि मग दिसतं. म्हणजे ती येत नाहीच. म्हणजे ही पांढरी गोळी बंद केली की तेही बंद.

असेल. शिकलीयस तू, बरोबरच असेल. आणि एखाद्या दिवशी ती येईल आणि माझा हात पोह्यांपर्यंत पोचणार नाही, हेही बरोबर असेल. हे मला सुचलं नसेल असं वाटतं तुला? गाडी चालवली मी चाळीस वर्षं, रस्ता कुठे संपतो ते कळतं मला.

अशोकला लावू नकोस फोन. ठेव तो. तेजश्री, ठेव म्हणतोय ना. तुझ्या त्या वॉर्डातल्या बाईची भरपाई माझ्याकडून करून घेऊ नकोस. खाली हॉर्न वाजतोय, तुझीच गाडी आहे, जा. सहीचा कागद दे इकडे, करतो सही, हात हलला तरी चालते माझी. जा, तिकडे लिही— पुरुष, म्हातारा, दिल्ली, दुसऱ्याचं औषध खाल्लं. नाव नको. बसतंय की नाही तुझ्या कामात अगदी नीट?

स्वयंपाकघरात कुठे चाललीस? साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो, आणि तो काढायचा नाहीये. ऐकू येतंय का? परक्याच्या घरात असं भांड्यांना हात— हे काय आणलंस. साखरेचं पाणी. नको मला. आत्ता नको, जरा वेळाने घेतो, पोरी, एवढ्यात नको. तो ड्रायव्हर निघून जाईल, मुलाखत जाईल तुझी, एवढं सगळं ठरवलेलं वाया जाईल. किती वेळ असा हात पुढे करून उभी राहणार आहेस?

बाजूला हो. तेजश्री, जरा बाजूला हो ना. तू नेमकी दारासमोर आली आहेस.